हनुवटीखालची रेघ

माझा नवरा अलिर आपल्या मुलीशी इंग्रजीत बोलायचा. दुसरीकडे कुठे याचं कुणाला काही वाटणार नाही, पण फ्रेंच बोलणाऱ्या मच्छीमारांच्या आमच्या काप-पेलेत हे ज्याने ज्याने ऐकलं त्याने मान खाली घातली.

आमच्या घरात इंग्रजी म्हणजे बँकेची भाषा. मासळी तपासायला येणाऱ्या सरकारी माणसाची, इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्याची. अलिरला ती झकास यायची. जवळच्या मंक्टन शहरात तिच्यावाचून साधा खिळा मिळत नाही. पण घरी आला की चिखलाचे बूट काढावेत तशी तो ती दाराबाहेर काढून ठेवायचा. आत आपली फ्रेंच. तीसुद्धा पुस्तकातली नव्हे. आमची, या किनाऱ्याची, खारवलेली. असा माणूस एका रविवारी इंग्रजी घरात घेऊन आला, तीही फक्त पोटच्या पोरीसाठी.

सोलांज आमची एकुलती एक. मंक्टनला शिकली, मग काही वर्षं माँत्रियालला राहिली आणि येताना बोलणं इस्त्री करून घेऊन आली. पण नोकरी धरली ती मंक्टनच्या आपल्या फ्रेंच टीव्हीवर. सरकारी पैशांवर चालणारं, पण आमच्याच लोकांचं स्टेशन. आमच्या लहानपणी टीव्ही लावला की सगळे इंग्रजीत बोलायचे. मग एक दिवस त्या पेटीतून एक बाई फ्रेंचमध्ये हवामान सांगायला लागली, तेव्हा अलिरची आई, पुढे माझी सासू झाली ती, उठून उभी राहिली होती, चर्चमध्ये राहतात तशी. त्या स्टेशनात आमची पोर बातम्या गोळा करते म्हटल्यावर अलिर धक्क्यावर छाती काढून चालायचा. मेदार, म्हणजे माझा दीर, त्याला म्हणायचा, "दादा, जरा वाकून चाल, ढगाला डोकं लागंल."

एका सप्टेंबरात वादळ आलं आणि आमचा धक्का मोडून गेलं. शेवंडांचा हंगाम ऐन भरात होता. शेवंडं धरायचे पिंजरे गेले, दोर गेले, मेदारची होडी रस्त्यावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सोलांज कॅमेरावाल्याला घेऊन आली. तिला बापाची मुलाखत हवी होती.

अलिरने दाढी केली, चर्चचा कोट घातला आणि आरशासमोर उभा राहून पाद्रीबाबा बोलतात तसली वाक्यं घोकायला लागला. सोलांज दारात उभी राहून ऐकत होती. हसायला लागली.

"पापा, हे कुणाचं बोलणं रे? तू आपला घरी बोलतोस तसं बोल. आपलं स्टेशन आहे, आपल्याच लोकांसाठी आहे."

"घरच्यावानी बोलू? टीव्हीवर?"

"घरच्यासारखंच. मला तेच हवंय."

त्याने कोट काढून माझ्या हातात दिला. धक्क्याच्या मोडक्या लाकडांवर उभा राहिला आणि बोलला. कसा बोलला! "दर्यानं धक्का असा झटकला, जशी माझी माय सकाळी दारात सतरंजी झटकायची. माझे पिंजरे कुठं गेले त्ये शेवंडांनाच ठावं. हसत असतील मेले." मग थांबला, टोपी काढली. "माझ्या बापानं हातानं बांधल्याला व्हता ह्यो धक्का. त्याच्या हातचं आता कायबी ऱ्हायलं न्हाई." कॅमेरावाल्याने नाक पुसलं. तो सहाच्या बातम्यांत आला तेव्हा अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मुलाखत माँत्रियालच्या वरच्या टीव्हीवाल्यांना आवडली आणि पुढच्या रविवारी साऱ्या देशासाठी जो कार्यक्रम होतो त्यात दाखवायची ठरली. मी मोठं पातेलं भरून फ्रिको केला, कोंबडी आणि बटाटे घालून. मेदार बायकोला घेऊन आला. अलिर मधल्या खुर्चीत बसला होता. त्याच्या आधी क्युबेकचा कुणी शेतकरी बोलला, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. आम्हाला त्यातलं निम्मं कळलं नाही. मग आमचा माणूस पडद्यावर आला आणि त्याच्या छातीवर पांढरी अक्षरं उमटली.

"ते काय गं खाली?" अलिरने विचारलं. त्याच्या वेळी शाळा इंग्रजी होती, त्यामुळे फ्रेंच वाचायला त्याला वेळ लागायचा. मी नन्सकडे शिकलेली, फ्रेंचमध्ये.

"नाव असंल तुझं," मी म्हणाले. पण अक्षरं बदलली आणि पुन्हा बदलली.

"एवढं लांबलचक नाव हाय व्हय माझं?"

मेदार हसला. मी हसले नाही, कारण मी वाचत होते. फ्रेंचच्या खाली फ्रेंच लिहिली होती. परदेशी माणूस बोलला की लिहितात तशी.

"वाच की," अलिर म्हणाला.

मी वाचलं. "समुद्राच्या लाटांमुळे धक्क्याची मोठी हानी झाली. माझे वडील त्याच्या बांधकामात सहभागी होते."

"आन् सतरंजी?"

"सतरंजी न्हाई."

"माझी माय?"

"मायबी न्हाई त्यात."

त्याने ताट पुढे सारलं. फ्रिको तसाच गार झाला. थोड्या वेळाने फोन वाजला. सोलांजचाच होता. मी तो अलिरच्या हातात दिला, पण मोठ्याने ऐकू येईल असा करून. मला वाटलं पोरगी बाजू मांडेल आणि विषय मिटेल.

"पापा, पाहिलंस? रागावू नकोस हं. ते म्हणाले, खाली लिहिल्याशिवाय दाखवता येणार नाही, लोकांना कळणार नाही. मग म्हटलं दुसऱ्या कुणी भलतंसलतं लिहिण्यापेक्षा मीच लिहिते. मीच लिहिलंय ते."

अलिरने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्याने बँकेतल्या बाईशी बोलताना काढायचा तो आवाज काढला आणि इंग्रजीत म्हणाला, "थँक्यू फॉर कॉलिंग, मिस." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जायला नको होतं त्याने, पण गेला. मेदारने त्याला पाहिलं आणि हनुवटीखालून बोट फिरवलं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, अक्षरं येतात तसं. म्हणजे, दादा, तू बोल, आम्ही खाली वाचतो. झालं. त्या दिवसापासून अलिरने तोंड उघडलं की कुणीतरी हनुवटीखाली रेघ ओढायचं. शेवंडं मोजताना, होड्यांना आशीर्वाद देण्याच्या दिवशी, हेरिंग मासे धुरावायच्या भट्टीपाशी उभं असताना. मायेनेच करायचे, आमच्या गावाची माया अशीच असते, चिमटा काढल्याशिवाय कळत नाही. अलिरही हसायचा. पण घरी येऊन तो आरशासमोर दाढी करायचा तेव्हा मी पाहायची, हनुवटीखाली वस्तरा नेताना त्याचा हात थबकायचा.

त्यानंतर तो मुलीशी बोलायचा तो इंग्रजीतच. अबोला धरला असता तर मी तोडला असता, अबोला तोडायला बायकांना बऱ्याच वाटा असतात. पण हा बोलायचा! नाताळला ती आली की उठून उभा राहायचा. "हाउ वॉज द रोड?" ताटावर बसलं की, "पास द सॉल्ट, प्लीज." ती आपली फ्रेंचमध्ये विचारायची, हा इंग्रजीत उत्तर द्यायचा, एखाद्या पाहुण्याशी बोलावं इतक्या अदबीने. माझ्या नाताळच्या उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यांना चव राहायची नाही. सोलांज भांडी विसळताना रडायची.

"आई, तू तरी सांग ना त्याला. मी चांगल्यासाठी केलं होतं."

मी सांगायची. भांडायचीसुद्धा. एकदा मी इतकी तापले की हातातला कालथा ओट्यावर आपटला. "तुझीच पोर हाय ना ती? का रस्त्यावर सापडली तुला?"

तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "ज्याला माझं बोलणं कळत न्हाई त्यानं लिवलं असतं ना म्हातारे, तर मी हसलो असतो. पण हिला कळतं. हिनंच मला सांगितलं, घरच्यावानी बोल. आन् हिनंच खाली लिवलं. म्हंजी हिलाबी लाज वाटली. माझी. माझ्या मायची."

मी कालथा उचलून धुवायला घेतला. 

मग सोलांजला सहाच्या बातम्या वाचायला बसवलं. आमच्याकडे पाचला जेवणं उरकतात, सहाला सगळा किनारा टीव्हीपुढे असतो. पहिल्या दिवशी मी भांडी घासत होते. पडद्यावर ती आली, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाली, "बोंस्वार." शुभ संध्याकाळ. आणि माझ्या पाठीमागून, खुर्चीतून, आवाज आला. "बोंस्वार, पोरी."

आमच्या फ्रेंचमध्ये. मी साबणाच्या हातांनी वळले.

"तिला सांगितलंस तर बघ," अलिर म्हणाला. "टीव्ही उचलून खाडीत टाकीन."

टाकला असता. मला माझा माणूस ठाऊक होता. आणि एवढं तरी उरलं होतं, तेही जाईल या भीतीने मी गप्प राहिले. त्यानंतर रोज सहाला तो बापलेकीचा खेळ चालायचा. ती तिकडून बोंस्वार म्हणायची, हा इकडून. मग अर्धा तास गप्पा. "आज दमल्याली दिसतीया." "अगं, काळा घालीत जा, हा निळा कोट तुला न्हाई शोभत." "हां, आता बोल, खाडीवरचं बोल." ती पुलाच्या कामाबद्दल सांगायची, हा तिला पुलाची सगळी पाळंमुळं सांगायचा. ती गेली की टीव्ही बंद. रविवारी तीच पोर दारात यायची आणि हा उठून म्हणायचा, "हॅलो. हाउ आर यू?" माझ्या मनात यायचं, दोघांना एकाच पोत्यात घालून बांधावं.

गेल्या फेब्रुवारीत, खाडी गोठलेली असताना, अलिर शेडमध्ये पिंजरे दुरुस्त करत होता. मेदारला तो जमिनीवर सापडला, हातात सुतळी तशीच. मंक्टनच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उजवी बाजू गेली आहे आणि वाचेला धक्का बसला आहे. शब्द येतात, पण मोडून येतात. एक इंग्रज नर्स त्याच्याशी इंग्रजीत बोलायला गेली, तर हा तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. सध्या यांना इंग्रजी नाही.

देवाने क्षमा करावी, पण मला आनंद झाला. नवरा अर्धा मेलेला समोर पडलाय आणि मी मनात म्हणते आहे, आता बघते कसा इंग्रजी झाडतोस पोरीपुढे.

सोलांजला फोन केला तेव्हा ती स्टुडिओत तयार होऊन बसली होती. दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसवून ती तशीच धावत आली. तोंडाला रंग, केस बसवलेले, अंगात तो निळा कोट. खोलीतला टीव्ही वर भिंतीला टांगलेला होता आणि सहा वाजत आले होते. मी पलंगाच्या उजव्या अंगाला बसले होते, ती डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याचा चांगला हात तिकडचा.

वर पडद्यावर एक तरुण मुलगा बोंस्वार म्हणाला. अलिरच्या कपाळाला आठी पडली. त्याने नजर खाली आणली, तर पोर समोर उभी, तोच कोट, तोच रंग. त्याचं तोंड हललं. आवाज आला, पण तो पाण्याखालून यावा तसा.

"आई, काय म्हणतोय?" सोलांज वाकली. "पापा, काय म्हणालास? आई, मला काहीच कळत नाहीये. इंग्रजीत बोलतोय का?"

बापाचं बोलणं न कळायला ती काही माँत्रियालची नव्हती. पण त्याच्या तोंडून आपल्या भाषेचा एक शब्द आपल्यासाठी निघेल ही आशाच तिने सोडली होती. मला ते सहन झालं नाही. खाडीत टाकायला आता टीव्ही कोण उचलणार होतं?

"इंग्रजी न्हवं गं," मी म्हणाले. "बोंस्वार, पोरी म्हणतोय. रोज म्हणतो. तू सहाला म्हणतीस ना, त्याला रोज हा खुर्चीतून उत्तर देतो. तू बसल्यापासनं, एक दिस चुकला न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. तिने उत्तर दिलं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्या शब्दाला दुसरा आवाजच उरला नव्हता. "बोंस्वार" निघाला तो सहाचा, इस्त्रीचा.

आणि अलिरने डोकं उशीवर नीट टेकवलं. डोळे तिच्यावर लावले. घरी खुर्चीत बसायचा तसा. मला त्या क्षणी कळलं की हा पुढचं ऐकायला थांबलाय. त्याच्या लेखी बातम्या सुरू झाल्या होत्या.

सोलांजलाही कळलं. तिने हात उंचावून वरचा टीव्ही बंद केला. कोट सारखा केला, पलंगाच्या कडेवर ताठ बसली आणि बापाला बातम्या सांगायला लागली. खाडीवर बर्फ घट्ट आहे. उद्या किनाऱ्यावर हिमवर्षाव, शाळांना सुट्टी मिळण्याची शक्यता. नवीन धक्क्याचं काम वसंतात सुरू होईल. तो ऐकत होता. पुलाचं सांगितलं तेव्हा त्याने घशातून आवाज काढला, काहीतरी भर घातली असावी. तिने मान डोलावली आणि पुढे गेली.

"काप-पेले," ती म्हणाली. "येथील मच्छीमार अलिर मायेत यांना आज इस्पितळात दाखल करण्यात आलं. त्यांची मुलगी..." इथे आवाज चिरला. "त्यांच्या मुलीचं म्हणणं आहे की..." मग तो इस्त्रीचा आवाज कुठल्या कुठे गेला. "पापा, मला तुझी लाज न्हाई वाटली रे. म्हंजी वाटली. थोडी वाटली. त्येंच्यासमोर. मी लिवताना सतरंजी लिवली व्हती, आजीबी लिवली व्हती. त्ये म्हनाले लांब हुतंय, काढ. आन् मी काढली. मी काढायला नको व्हती, पापा, माझी आजी व्हती ती..."

पुढचं मलाही समजलं नाही. नाक, डोळे, हुंदके, सगळं एकत्र झालं होतं. काजळ गालावर ओघळलं होतं. नुसते आवाज येत होते, शब्द नव्हते.

अलिरने डावा हात उचलला. उचलायला फार वेळ लागला. मला वाटलं तिचे डोळे पुसायला जातोय, तिलाही तेच वाटलं असणार, कारण तिने चेहरा पुढे केला. पण हात गालाशी थांबला नाही. त्याने एक बोट तिच्या हनुवटीखाली नेलं आणि हळूहळू, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, रेघ ओढली. मग हात पांघरुणावर पडला.

तो झोपला. त्यानंतर नीट जागा झाला नाही, आणि त्याच आठवड्यात गेला. मेदार शवपेटीपाशी उभा होता. त्याचा हात हनुवटीकडे गेला, आणि तो असा रडला की दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं.

सोलांज परत बातम्या वाचते. बोंस्वार म्हणते आणि जरा थांबते. फार नाही, श्वास घ्यावा इतकंच. स्टेशनातले लोक तिला विचारतात म्हणे, अडखळतेस का? खुर्ची तिथेच आहे. मी त्या वेळी भांडी घासत असते आणि काही बोलत नाही. ते उत्तर माझं नव्हे.

रविवारी ती येते. आता घरात शिरताच आपली फ्रेंच बोलते, कुणी न सांगता. फ्रिकोत पाव बुडवते, खात नाही, आणि तेच विचारते.

"आई, रेघ वढली तेव्हा हसत व्हता ना तो? चेष्टा करत व्हता ना? का अजून रागच व्हता त्याला? माझे डोळे भरलेले, मला दिसलंच न्हाई. तू समोर व्हतीस. तू पायलंस ना?"

"हसत व्हता," मी सांगते. "चांगला हसत व्हता."

"खरं?"

"खरं."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते. त्या बाजूचा चेहरा आता कशालाच हलत नव्हता.